माल्टातील आरमारी तळ आणि मजूर-चळवळ (१९४३ ते १९७९)

वसाहतींच्या मुक्तीचा इतिहास लिहिताना एक गृहीत सामान्यतः धरले जाते. परकीय सैन्य देशाबाहेर घालविणे ही राष्ट्रीय चळवळीची पहिली मागणी असते आणि संघटित कामगारवर्ग त्या मागणीच्या पाठीशी उभा राहतो, असे ते गृहीत होय. भूमध्य समुद्रातील माल्टा या छोट्या द्वीपराष्ट्राचा इतिहास या गृहीताशी सहजासहजी जुळत नाही. तेथील मजूर पक्षाने १९५६ साली ब्रिटनशी संपूर्ण विलीनीकरण मागितले. दोन वर्षांच्या आत त्याच पक्षाने ब्रिटनशी संबंध तोडण्याची भाषा आरंभिली. १९६७ साली ब्रिटनने आपण होऊन सैन्य कमी करण्याचे ठरविले, तेव्हा या पक्षाने त्या निर्णयाला विरोध केला. १९७१ साली सत्ता हाती येताच त्याने तळाचा मोबदला कित्येक पटींनी वाढवून मागितला, आणि १९७९ साली त्याच पक्षाच्या सरकारने अखेरच्या ब्रिटिश सैनिकांना समारंभपूर्वक निरोप दिला.

या वळणांचा उलगडा बहुधा पक्षनेते डॉम मिंटॉफ यांच्या स्वभावावरून केला जातो. मिंटॉफ हट्टी होते, सौदेबाज होते, क्षणात एक तर क्षणात दुसरे बोलत, असे म्हणून टीकाकार मोकळे होतात. त्यांच्या स्वभावाविषयी हे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्याने इतिहासाचा उलगडा होत नाही. या सर्व वळणांच्या तळाशी एकच प्रश्न सातत्याने उभा होता, आणि तो प्रश्न नेत्याच्या मनातून नव्हे तर गोदीतून आला होता, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

(१)

माल्टा, गोझो व कोमिनो या मुख्य बेटांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर आहे. खनिजे नाहीत, नद्या नाहीत, जमीन खडकाळ. निसर्गाने दिलेली मोठी देणगी एकच, आणि ती म्हणजे व्हॅलेटानजीकचे खोल व सुरक्षित बंदर. सेंट जॉनच्या सरदारसंघाने सोळाव्या शतकापासून या बंदराच्या आधारे राज्य केले. १८०० साली ब्रिटिशांनी फ्रेंचांना तेथून हुसकावले आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने बेटांवरील त्यांचा अंमल कायम झाला. १८४८ साली तेथील पहिली ब्रिटिश सुकी गोदी वापरात आली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर माल्टा हे इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या मार्गावरील एक अटळ ठाणे बनले. हे ठाणे कशासाठी होते याचे एक उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासातही सापडते. रशिया-तुर्कस्तान संघर्षाच्या वेळी, १८७८ साली, डिझरायलीच्या मंत्रिमंडळाने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला नेऊन ठेवले होते.

तळाबरोबर तळावर जगणारा समाज निर्माण झाला. बंदराच्या दक्षिण काठावरील बिर्गू, बोर्मला व इस्ला ही तीन नगरे गोदीभोवती वाढली. सुतार, लोहार, बॉयलरवाले, रंगारी, हमाल, जहाजांवरील आचारी व खानसामे असे नाना व्यवसाय आरमारावर अवलंबून राहिले. स्वतः मिंटॉफ १९१६ साली बोर्मला येथे जन्मले, आणि त्यांचे वडील ब्रिटिश आरमारात आचारी होते. विसाव्या शतकाच्या मध्यास बेटांची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. त्या काळी एकट्या गोदीत दहा हजारांहून अधिक माणसे कामाला होती. लष्कराच्या इतर खात्यांतील नोकरवर्ग आणि सैनिकांच्या खर्चावर चालणारी दुकाने, खाणावळी व भाड्याची घरे यांचा विचार केला, म्हणजे तळ हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा एक भाग नसून जवळजवळ संपूर्ण अर्थव्यवस्थाच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा अर्थव्यवस्थेचा विशेष असा की तिची भरती-ओहोटी देशाबाहेरच्या कारणांनी ठरते. युद्ध आले की गोदीत काम वाढते आणि शांतता आली की कपात सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर नेमके हेच घडले. कामावरून काढलेले मजूर, पावाची वाढलेली किंमत आणि राजकीय हक्कांची मागणी यांतून ७ जून १९१९ रोजी व्हॅलेटात दंगल उसळली व सैनिकांच्या गोळीबारात चार माल्टावासी मृत्युमुखी पडले. त्या पाठोपाठ १९२१ साली मर्यादित स्वराज्य मिळाले आणि त्याच सुमारास मजूर पक्षाचीही स्थापना झाली. अर्थात राजकीय हक्क आणि पाव हे दोन प्रश्न माल्टात आरंभापासूनच एकत्र बांधले गेले होते.

(२)

दुसऱ्या महायुद्धातील वेढा व बाँबवर्षाव यांनी या बेटांचे नाव जगभर झाले. १५ एप्रिल १९४२ रोजी ब्रिटनच्या राजाने संपूर्ण बेटाला जॉर्ज क्रॉस हे पदक दिले. बाँब मुख्यतः गोदीवर पडत आणि गोदीभोवतीची तीन नगरे उद्ध्वस्त झाली. पदक सर्वांना मिळाले; उपासमार व मृत्यू यांचा मोठा वाटा मात्र कामगारवस्तीच्या वाट्याला आला. या अनुभवानंतर, ५ ऑक्टोबर १९४३ रोजी, रेजी मिलर यांच्या पुढाकाराने जनरल वर्कर्स युनियन ही संघटना स्थापन झाली. एकेका धंद्याचे स्वतंत्र मंडळ न काढता सर्व प्रकारच्या मजुरांना एका छत्राखाली आणणारी संघटना म्हणून ती अल्पावधीत देशातील सर्वांत बलाढ्य संस्था झाली.

या संघटनेच्या कार्याची एक बाजू भाषेच्या इतिहासात मोडते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. माल्टी ही अरबीतून उद्भवलेली सेमिटिक भाषा असून तिच्यावर सिसिलियन व इटालियन यांचे दाट थर चढलेले आहेत. शतकानुशतके न्यायालय व विद्यापीठ यांची भाषा इटालियन होती, ब्रिटिश प्रशासनाने इंग्रजीचा पुरस्कार केला, आणि माल्टी ही घरातली व रस्त्यावरची बोली मानली गेली. १९३४ साली तिला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला व तिचे प्रमाण लेखनही त्याच वर्षी मान्य झाले. तथापि दर्जा कागदावर मिळाल्याने भाषा सार्वजनिक होत नाही. युनियनने १९४४ साली 'इत-तॉर्चा' हे साप्ताहिक माल्टीत सुरू केले. वेतनश्रेणी, कपात, नुकसानभरपाई, संप, करार हे विषय त्यायोगे मजुरांच्या स्वतःच्या भाषेत मांडले जाऊ लागले. सुशिक्षित वर्गाचा इटालियन-इंग्रजी वाद चालू असता ज्यांना त्या दोहोंपैकी एकही भाषा नीट येत नव्हती, त्यांना राजकारणाची भाषा याच काळात मिळाली. पुढील सर्व घडामोडींत मजूर पक्षाला जो एकजिनसी पाठिंबा दिसतो, त्याचा पाया येथे आहे.

(३)

१९४७ च्या निवडणुकीत पॉल बॉफा यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला. परंतु गोदीतील कामगारकपात व ब्रिटनकडून मिळावयाचे अर्थसाहाय्य या प्रश्नांवर किती ताणावे, यावरून १९४९ साली पक्ष दुभंगला. बॉफा बाजूस पडले व पक्षाची सूत्रे मिंटॉफ यांच्या हाती गेली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा स्थापत्यविशारद १९५५ साली प्रधानमंत्री झाला आणि त्याने ब्रिटनपुढे विलीनीकरणाची योजना ठेवली. माल्टाचे तीन प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटात बसावेत, अंतर्गत कारभार माल्टाच्या कायदेमंडळाकडे असावा, आणि वेतन व सामाजिक सेवा यांबाबत माल्टावासीयांना कालांतराने ब्रिटिश नागरिकांची बरोबरी लाभावी, असे तिचे सार होते.

योजनेतील तिसरे कलम हा तिचा खरा गाभा होय. पोर्ट्समथच्या गोदीतील मजूर व माल्टाच्या गोदीतील मजूर एकाच आरमाराची जहाजे दुरुस्त करीत. पहिल्याला नागरिकाचे वेतन व विमा, तर दुसऱ्याला वसाहतीचे वेतन. ही विषमता दूर करण्याचा एक मार्ग असा की माल्टा हाच ब्रिटनचा भाग व्हावा. विलीनीकरणाच्या मागणीत राजनिष्ठेपेक्षा या हिशेबाला अधिक स्थान होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये सार्वमत घेण्यात आले. मतदान केलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांनी योजनेच्या बाजूने कौल दिला. परंतु जॉर्जो बॉर्ग ऑलिव्हिए यांच्या नॅशनॅलिस्ट पक्षाने मतदानावर बहिष्कार घातला होता आणि आर्चबिशप मायकेल गॉन्झी यांच्या नेतृत्वाखालील चर्चचाही योजनेस विरोध होता. मतदान ५९ टक्के झाले. म्हणजे एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून कमी लोकांनीच होकार दिला होता. ब्रिटिश सरकारला कचरण्यास एवढे निमित्त पुरे झाले.

त्यात १९५७ साल उजाडले. सुएझच्या फसलेल्या मोहिमेनंतर ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी एप्रिलमध्ये श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. अण्वस्त्रांच्या युगात मोठ्या आरमाराची व दूरदूरच्या गोद्यांची गरज उरली नाही, असे तिचे तात्पर्य होते. माल्टाच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता. ज्या श्रमाच्या बळावर समान वेतन मागावयाचे, तो श्रमच ग्राहकाला नकोसा झाला. ३० डिसेंबर १९५७ रोजी माल्टाच्या कायदेमंडळाने ब्रिटनशी असलेल्या बंधनांतून मुक्त होण्याचा प्रसिद्ध ठराव केला. त्याचे निकटचे कारण गोदीतील काही कामगारांना कमी करण्याचा प्रश्न हेच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २१ एप्रिल १९५८ रोजी मिंटॉफ यांनी राजीनामा दिला. २८ एप्रिलला युनियनने सार्वत्रिक संप पुकारला, रस्त्यांवर चकमकी झाल्या, आणि गव्हर्नर सर रॉबर्ट लेकॉक यांनी आणीबाणी जाहीर करून कारभार हाती घेतला. १९५९ साली गोदी आरमाराकडून वेल्समधील एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आली.

विलीनीकरणाची मागणी व संबंधविच्छेदाचा ठराव यांत दोन वर्षांचेही अंतर नाही. वरवर पाहता हा पवित्रा उलटा दिसतो. परंतु दोहोंमागील प्रतिज्ञा एकच आहे. आमच्या बंदराचा व श्रमाचा उपयोग करावयाचा असेल तर आमच्या उपजीविकेची जबाबदारीही घेतली पाहिजे, ही ती प्रतिज्ञा होय. जबाबदारी घेतली तर विलीनीकरण, नाकारली तर विच्छेद.

(४)

पुढील दशक मजूर-चळवळीला कठीण गेले. चर्च व मजूर पक्ष यांचा संघर्ष विकोपास जाऊन एप्रिल १९६१ मध्ये पक्षाच्या कार्यकारिणीवर धार्मिक बहिष्कार घालण्यात आला. पक्षाची वृत्तपत्रे वाचणे हे घोर पाप ठरले. काहींना मरणोत्तर पवित्र भूमीत जागाही नाकारण्यात आली. जवळजवळ सर्व प्रजा कॅथलिक असलेल्या देशात याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करता येते. १९६२ ची निवडणूक नॅशनॅलिस्ट पक्षाने जिंकली. हा बहिष्कार १९६९ पर्यंत टिकला.

२१ सप्टेंबर १९६४ रोजी बॉर्ग ऑलिव्हिए यांच्या सरकारच्या काळात माल्टा स्वतंत्र झाले. स्वातंत्र्याबरोबरच दहा वर्षांचा संरक्षणविषयक करार झाला. ब्रिटिश सैन्य बेटावर राहणार होते आणि त्या मुदतीत ब्रिटनकडून सुमारे पाच कोटी पौंडांचे साहाय्य मिळावयाचे होते. नाटो संघटनेचे भूमध्यसागरी मुख्यालयही माल्टातच होते. मजूर पक्षाने या स्वातंत्र्याला अपुरे म्हटले. परकीय तळ असेपर्यंत स्वातंत्र्य पुरे नव्हे, ही त्याची भूमिका होती.

या भूमिकेची कसोटी १९६७ साली लागली. आर्थिक अडचणीत सापडलेल्या ब्रिटनने माल्टातील सैन्य झपाट्याने घटविण्याचा बेत जाहीर केला. तळ हे परतंत्रतेचे चिन्ह एवढाच अर्थ असता, तर मजूर पक्षाने आनंद मानावयास हवा होता. प्रत्यक्षात सत्तारूढ नॅशनॅलिस्ट पक्ष, विरोधी मजूर पक्ष व युनियन या तिघांनीही या घाईस कसून विरोध केला आणि अखेर कपात अधिक लांब मुदतीवर पसरविणे ब्रिटनला भाग पडले. हजारो कुटुंबांची चूल तळावर पेटत होती. ती विझू द्यावयाची तर दुसरी पेटविण्यास अवधी हवा होता. तळ जाण्याला विरोध नव्हता. तळ कोणाच्या सोयीने व कोणत्या वेळापत्रकाने जावा, हा वाद होता. १९६८ साली गोदी माल्टाच्या सरकारी मालकीची झाली, यामागेही हीच निकड होती.

(५)

जून १९७१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला अवघ्या एका जागेचे बहुमत मिळाले आणि तेवढ्या बळावर मिंटॉफ यांनी युरोपातील सर्वांत चर्चिल्या गेलेल्या वाटाघाटींना आरंभ केला. १९६४ चा करार त्यांनी अमान्य केला. नाटोचे आरमारी मुख्यालय नेपल्सला हलले. त्यांनी घातलेली मुदत टळल्यावर जानेवारी १९७२ मध्ये ब्रिटिश तुकड्यांनी खरोखरच बांधाबांध सुरू केली. तळावर काम करणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने तो काळ मोठ्या चिंतेचा होता. अखेर २६ मार्च १९७२ रोजी मिंटॉफ व ब्रिटनचे संरक्षणमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. तळाच्या वापराबद्दल दरसाल एक कोटी चाळीस लक्ष पौंड मिळावयाचे होते. त्यांपैकी साडेबावन्न लक्ष ब्रिटनने व उरलेले नाटोतील इतर राष्ट्रांनी द्यावयाचे ठरले. मुदत ३१ मार्च १९७९.

रकमेपेक्षाही या करारातील तत्त्व महत्त्वाचे होते. पूर्वीच्या व्यवस्थेत ब्रिटन 'साहाय्य' देई. आता ते 'भाडे' झाले. साहाय्य देणाऱ्याच्या इच्छेवर असते, भाडे घेणाऱ्याच्या हक्कावर. भाडेपट्ट्याला शेवटची तारीख असते हेही तितकेच मोलाचे होते. सात वर्षांचा हा अवधी पर्यायी उद्योग उभारण्यासाठी वापरावयाचा, असे धोरण ठरले. १९७३ साली राष्ट्रीय विमानकंपनी व जहाजकंपनी निघाली. कापड व तयार कपड्यांचे कारखाने आणि पर्यटन यांना उत्तेजन मिळाले. चीनच्या मदतीने मोठ्या तेलवाहू जहाजांसाठी नवी सुकी गोदी बांधण्यास घेतली गेली. गोदीच्या कारभारात कामगारप्रतिनिधींना वाटा देण्यात आला आणि १९७५ नंतर कामगारांनी निवडलेले मंडळ ती चालवू लागले.

याची किंमतही मोजावी लागली, आणि ती नोंदल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. बेकारांना लष्करी शिस्तीच्या श्रमपथकांत घेण्यात आले. १९७७ साली डॉक्टरांचा संप सरकारने कठोरपणे हाताळला. मजूर पक्षाच्या राज्यात सर्व प्रकारच्या संपांना सारखी सहानुभूती नव्हती. १९७८ साली युनियन व पक्ष यांचे औपचारिक एकीकरण झाले व ते १९९२ पर्यंत राहिले. मालकाशी भांडण्यासाठी जन्मलेली संघटना मालक झालेल्या सरकारचाच भाग बनली. परकीय आरमाराविरुद्ध जी एकजूट बळ ठरली होती, तीच स्वदेशी सरकारपुढे कामगाराचा स्वतंत्र आवाज क्षीण करण्यास कारण झाली.

३१ मार्च १९७९ रोजी करार संपला. बिर्गूच्या किनाऱ्यावर समारंभ झाला आणि जवळजवळ एकशे एकोणऐंशी वर्षांचा ब्रिटिश लष्करी मुक्काम संपला.

(६)

या इतिहासाचा अर्थ माल्टी समाजाने दोन शब्दांत साठविला आहे. १९६४ च्या दिवसाला तेथे 'इन्दिपेन्देन्त्सा' म्हणतात, १९७९ च्या दिवसाला 'हेल्सिएन'. पहिला शब्द इटालियन वळणाचा, राज्यघटना व कायदा यांच्या भाषेतला. दुसरा सेमिटिक धातूपासून झालेला, घरगुती बोलीतला. संकटातून सुटणे, मोकळे होणे हा त्याचा मूळ भाव. अरबीतील ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून फारसीच्या मार्गाने मराठीत 'खलास' आला, आणि 'खलाशी' या शब्दाचा संबंधही त्याच्याशीच लावला जातो. मजुराला माल्टीत 'हद्दीएम' म्हणतात. मराठीतील 'खिदमत' त्याच कुळातली. गोदीला 'तार्त्स्ना' म्हणतात. 'उद्योगगृह' अशा अर्थाच्या ज्या अरबी समासातून हा शब्द आला, त्याच समासाची युरोपीय रूपे पुढे शस्त्रागाराला लावली गेली. एका पक्षाने पहिला दिवस राष्ट्रदिन मानला, दुसऱ्याने दुसरा. तडजोड म्हणून १९८९ पासून पाच राष्ट्रीय दिवस पाळले जातात व त्यांत ७ जूनचाही समावेश आहे.

१९८७ साली दोन्ही पक्षांच्या संमतीने राज्यघटनेत तटस्थतेचे कलम आले. देशाच्या भूमीवर परकीय लष्करी तळ असू दिला जाणार नाही, असे ते सांगते. त्याच कलमात गोदीचाही उल्लेख आहे. जहाजदुरुस्तीच्या सोयी नागरी व्यापारासाठी खुल्या राहाव्यात, परकीय लढाऊ जहाजांच्या दुरुस्तीस मर्यादा असावी आणि दोन महासत्तांच्या लढाऊ जहाजांस ती सोय मिळू नये, असा त्याचा आशय. तटस्थतेच्या राज्यघटनात्मक व्याख्येत सुक्या गोदीचा विचार करावा लागला, ही गोष्ट या बेटांचा शतकाचा इतिहास सांगून जाते.

गोदी मात्र टिकली नाही. तिचे एकमेव मोठे गिऱ्हाईक गेल्यावर ती सरकारी पैशावर तगली. २००४ साली माल्टा युरोपीय संघात आल्यावर अशा साहाय्याला मर्यादा पडल्या आणि २०१० साली गोदी खाजगी कंपनीकडे गेली. यावरून मजूर-चळवळीचा पराभव झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या पिढीला आरमाराशिवाय दुसरी भाकरी ठाऊक नव्हती, तिच्या नातवंडांना ती मिळाली. तळ हलविण्याचा प्रश्न केवळ सार्वभौमत्वाचा मानणाऱ्या अभ्यासकाने माल्टाच्या उदाहरणावरून एवढे तरी ध्यानी घ्यावे की, तळावर राबणाऱ्या माणसाला स्वातंत्र्याची तारीख जितकी महत्त्वाची असते, तितकीच तारखेपूर्वीची सात वर्षेही महत्त्वाची असतात.